हिंसक लैंगिक गुन्हेगाराचे शास्त्रीय वर्णन : एक ऐतिहासिक परामर्श

१९३९ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या विधिमंडळाने एका विशिष्ट प्रकारच्या मनुष्याची व्याख्या कायद्यात नमूद केली. भावनांचे अस्थैर्य, वर्तनातील आवेग, सर्वसामान्य सारासारविचाराचा अभाव, आपल्या कृत्याच्या परिणामांविषयीची बेफिकिरी, अशा लक्षणांमुळे जो आपल्या लैंगिक वर्तनाच्या बाबतीत जबाबदार राहत नाही आणि म्हणून इतरांस धोकादायक ठरतो, त्यास ‘मनोविकृत व्यक्तिमत्त्वा’चा मनुष्य म्हणावे व न्यायालयाच्या आदेशाने अनिश्चित मुदतीपर्यंत मनोरुग्णालयात ठेवावे, असे ठरले. त्यासाठी त्याच्यावर एखादा गुन्हा शाबीत झालेला असण्याची गरज नव्हती. स्वभावाचे वर्णन जुळले की पुरे. पुढील वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. या स्वरूपाचा पहिला कायदा मिशिगनने १९३७ मध्ये केला होता. तो तेथील न्यायालयाने लगेच १९३८ मध्ये रद्द केला, परंतु त्याच वर्षी इलिनॉयने व १९३९ मध्ये कॅलिफोर्नियानेही हीच वाट धरली. १९६० च्या सुमारास अमेरिकेतील निम्म्याहून अधिक राज्यांत असे कायदे होते.

एखाद्या कृत्याला शिक्षा देण्याऐवजी एखाद्या स्वभावाला कोंडून ठेवण्याचा हा प्रयत्न होता. त्यामुळे ते स्वभाववर्णन कोठून आले, कोणत्या पुरुषांकडे पाहून ते रेखाटले गेले, आणि ते रेखाटताना कोणते पुरुष दृष्टीआड राहिले, हे प्रश्न गुन्हाशास्त्राच्या इतिहासात मध्यवर्ती ठरतात.

वर्णनाची परंपरा एकोणिसाव्या शतकातील युरोपात सुरू होते. चेझारे लाँब्रोझो या इटालियन वैद्याचा ‘गुन्हेगार मनुष्य’ हा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मजात गुन्हेगार हा उत्क्रांतीच्या मागल्या पायरीवर अडकलेला प्राणी असून त्याची खूण त्याच्या देहावर उमटलेली असते, हे त्याचे मूळ प्रतिपादन. बलात्कार करणाऱ्याचे डोळे चमकदार व ओठ आणि पापण्या सुजल्यासारख्या असतात, असे त्याने लिहिले आहे. पुढे चार्ल्स गोरिंग याने तीन हजारांवर इंग्लिश कैद्यांची मोजमापे घेऊन १९१३ मध्ये दाखवून दिले, की गुन्हेगाराचा असा वेगळा शरीरप्रकार अस्तित्वात नाही. शास्त्रात लाँब्रोझोचा पराभव झाला तो तेथे. लोकांच्या कल्पनेत मात्र त्याचा गुन्हेगार जिवंत राहिला, व वृत्तपत्रांच्या मथळ्यांतून तो पुनःपुन्हा डोके वर काढीत असतो.

रिखार्ड फोन क्राफ्ट-एबिंग याचे कार्य अधिक गंभीर स्वरूपाचे होते. त्याचा ‘सायकोपाथिया सेक्शुआलिस’ हा ग्रंथ १८८६ मध्ये निघाला. तो वैद्य व विधिज्ञ यांच्यासाठी होता, आणि सामान्य वाचकाने त्यात डोकावू नये म्हणून नाजूक भाग लॅटिनमध्ये लिहिलेला होता; त्याचा परिणाम नेमका उलट झाला हे सांगावयास नकोच. पहिल्या आवृत्तीत ४५ रुग्णवृत्ते होती, शेवटच्या आवृत्त्यांत त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. इतरांस वेदना देण्यात कामसुख मानणाऱ्या वृत्तीस ‘सॅडिझम’ हे नाव त्यानेच रूढ केले. न्यायालयाने केवळ कृत्य न पाहता कर्त्याचे मन पाहावे, हा त्याचा आग्रह त्या काळाच्या मानाने उदार होता, यात शंका नाही. परंतु न्यायालयातील मानसतज्ज्ञ म्हणून त्याच्यासमोर आलेले हिंसक पुरुष हे बहुधा अपवादात्मक होते. ज्यांची कृत्ये इतकी चमत्कारिक होती की वैद्याचा सल्ला घेणे भाग पडावे, असे ते लोक. शेजारी, मालक, नातेवाईक यांनी केलेले अत्याचार वैद्यापर्यंत पोहोचतच नसत. फ्रान्समध्ये न्यायवैद्यक जाणणाऱ्या आंब्रुआझ तार्द्यू याने १८५७ मध्येच नोंदविले होते, की बालकांवरील अत्याचारांत रक्ताचे नाते अडथळा होण्याऐवजी पुष्कळदा संधीच देते. त्याच्या या निरीक्षणाकडे पुढील अर्धशतकात फारसे कोणी वळले नाही. विकृतीचे वर्णन वाचकाला वेधक वाटते आणि कुटुंबाचे वर्णन गैरसोयीचे, हे एक कारण दिसते.

अमेरिकेतील कायद्यांच्या मुळाशी हीच वैद्यकीय प्रतिमा होती. तिला भीतीची जोड मिळाली. १९३० नंतरच्या दशकात लहान मुलांच्या खुनांच्या काही घटना देशभर गाजल्या. १९४७ मध्ये जे. एडगर हूवर या मध्यवर्ती तपासयंत्रणेच्या प्रमुखाने एका लोकप्रिय मासिकात लेख लिहून आईबापांस विचारले, की तुमची मुलगी कितपत सुरक्षित आहे. विकृत लैंगिक गुन्हेगारांचे गुन्हे सर्वांत झपाट्याने वाढत आहेत, असे त्याचे विधान होते.

या विधानाची आणि त्यावर उभ्या राहिलेल्या कायद्यांची सर्वांत कठोर चिकित्सा एडविन सदरलँड या समाजशास्त्रज्ञाने केली. हे कायदे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कसे पसरले, यासंबंधीचा त्याचा लेख १९५० मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झाला. त्याला सर्वत्र एकच क्रम आढळला. प्रथम थोड्या अवधीत दोनतीन भयानक गुन्हे घडतात व वृत्तपत्रे ते उचलून धरतात. मग सभा, पत्रके, शिष्टमंडळे यांचा गदारोळ उठतो. आणि शेवटी एक समिती नेमली जाते, जीत मनोविकारतज्ज्ञांचा शब्द निर्णायक ठरतो. कायदा मंजूर होतो, आणि नंतर कित्येक राज्यांत त्याचा वापर जवळजवळ होतच नाही. ‘लैंगिक मनोविकृत’ ही संज्ञा इतकी सैल आहे की तिच्या आधारे कोणाचे निदान करता येणार नाही, आणि स्त्रियांच्या खुनांच्या ज्या बातम्या प्रसिद्ध होतात त्यांतही मारेकरी बहुतेक वेळा पती, आप्त किंवा प्रियकर असतो, हे त्याने साधार मांडले. त्याच वर्षी पॉल टॅपन याने न्यू जर्सी राज्याच्या आयोगासाठी अहवाल लिहिला. या कायद्यांखाली प्रत्यक्षात डांबले गेलेले लोक पुष्कळ अंशी किरकोळ अपराधी होते, अंगप्रदर्शन करणारे किंवा परस्परसंमतीने समलिंगी संबंध ठेवणारे. आणि ज्यांच्यासाठी कायदा केला ते घातक गुन्हेगार त्यांत फार थोडे, असे त्याला आढळले. लैंगिक गुन्हेगार हटकून पुन्हा गुन्हा करतो आणि किरकोळ अपराधापासून चढत चढत खुनापर्यंत जातो, या समजुतींसही त्याने आधार नसल्याचे दाखविले.

तथापि या प्रतिमेचा एक भाग सदरलँड व टॅपन यांच्या टीकेतून बराचसा निसटला. मनोविकृत ठरवून रुग्णालयात पाठविले जाणारे पुरुष बहुतांशी गोरे होते. कृष्णवर्णी पुरुषावर गोऱ्या स्त्रीच्या बलात्काराचा आरोप आला म्हणजे त्याच्या मनाची तपासणी करण्याची आवश्यकता कोणास वाटत नसे. त्याच्यासाठी फाशी होती, आणि दक्षिणेत त्याआधी जमावाचा दोरही होता. आयडा बी. वेल्स या कृष्णवर्णी पत्रकार स्त्रीने १८९२ मध्येच आकडे मांडून दाखविले, की जमावाने ठार मारलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश लोकांवरच मुळी बलात्काराचा आरोप होता. आरोप सिद्ध होण्याची गोष्ट तर दूरच. १९३० नंतर अमेरिकेत बलात्कारासाठी ४५५ पुरुषांस देहान्त शिक्षा देण्यात आली. त्यांपैकी ४०५ कृष्णवर्णी होते. कृत्य एकच, परंतु गोऱ्याच्या बाबतीत ते व्यक्तीच्या मनाचा रोग आणि काळ्याच्या बाबतीत वंशाचा स्वभाव, अशी ही विभागणी होती. एस्टेल फ्रीडमन या इतिहासकार विदुषीने १९८७ च्या एका निबंधात ती स्पष्टपणे उघड केली.

मानसशास्त्राची दृष्टी आणखी एका दिशेस वळली होती. पुराव्याच्या कायद्यावरील अमेरिकेतील सर्वांत प्रमाणभूत ग्रंथाचा कर्ता जॉन हेन्री विगमोर याने १९४० च्या तिसऱ्या आवृत्तीत असे मत मांडले, की लैंगिक गुन्ह्याची फिर्याद करणाऱ्या स्त्रीची मनोविकारतज्ज्ञाकडून तपासणी झाल्याखेरीज असा खटला न्यायसभेपुढे जाऊच देऊ नये. स्त्रियांच्या मनात अशा कपोलकल्पित गोष्टी उपजतात, अशी त्याची धारणा होती. आरोपी हा सामान्य माणसासारखा दिसणारा, नोकरीचाकरी करणारा, लग्न झालेला असला, म्हणजे ‘मनोविकृता’च्या चित्राशी तो जुळत नसे, मग विकृती कोठे तरी असलीच पाहिजे, म्हणून ती फिर्यादी स्त्रीच्या ठिकाणी शोधली जाई. विगमोरने असा संबंध स्वतः जोडला नव्हता, पण न्यायालयांच्या व्यवहारात या दोन कल्पना एकमेकींस पूरक ठरल्या.

संख्याशास्त्रीय अभ्यासाचे युग १९६५ मध्ये इंडियाना विद्यापीठातील किन्से यांच्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या ग्रंथापासून धरावे. पॉल गेबहार्ड व त्याचे सहकारी यांनी शिक्षा झालेले १३५६ लैंगिक गुन्हेगार, अन्य गुन्ह्यांसाठी तुरुंगात असलेले ८८८ कैदी व तुरुंगाबाहेरचे ४७७ पुरुष यांच्या मुलाखतींची तुलना केली. प्रौढ स्त्रियांवर बळजबरी करणाऱ्यांत त्यांना एक नव्हे, अनेक प्रकार आढळले. हिंसेवाचून कामपूर्ती न होणारा एक वर्ग होता, पण त्याखेरीज कोणताच नियम न मानणारे सराईत गुन्हेगार, मद्यपी, एरवी शांत असून एकाएकी भडकणारे, असेही होते. एक प्रकार तर विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. ‘चांगल्या’ व ‘वाईट’ अशी स्त्रियांची वाटणी करून, वाईट स्त्रीस नाही म्हणण्याचा अधिकारच नाही असे प्रामाणिकपणे मानणारे हे पुरुष. ही वाटणी मनोविकृती नव्हे. ती कित्येक समाजांत घरोघरी शिकविली जाणारी नीती आहे. या अभ्यासाचा दोषही नमूद केला पाहिजे. विश्लेषण केवळ गोऱ्या पुरुषांपुरते मर्यादित होते, आणि गुन्हेगार म्हणून जे पाहिले गेले ते पकडले जाऊन दोषी ठरलेले तेवढेच.

मेनाकेम आमीर याने तुरुंगाऐवजी पोलिसांच्या दप्तराकडे मोर्चा वळविला. फिलाडेल्फिया शहरातील १९५८ व १९६० या दोन वर्षांतील ६४६ घटना व १२९२ आरोपी यांचा त्याचा अभ्यास १९७१ मध्ये ग्रंथरूपाने आला. सुमारे ७१ टक्के घटना पूर्वनियोजित होत्या, आणि जवळजवळ निम्म्या घटनांत दोघांची आधी ओळख होती. अनावर वासनेचा क्षणिक उद्रेक ही कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही. तरीही त्याच आमीरने १९ टक्के घटनांवर ‘पीडित स्त्रीने ओढवून घेतलेल्या’ असा शिक्का मारला. स्त्रीने मद्य घेतले असणे, तिची ख्याती चांगली नसणे, अशा गोष्टी त्याने या सदरात घातल्या. गेबहार्डच्या कैद्यांची चांगल्या-वाईटाची वाटणी येथे संशोधकाच्या कोष्टकात शिरली. १९७५ मध्ये सुझन ब्राउनमिलर हिच्या ग्रंथाने या साऱ्या विचारपद्धतीवर जो हल्ला चढविला, त्याला असे कारण होते.

निकोलस ग्रोथ हा तुरुंगात व उपचारकेंद्रांत काम करणारा मानसतज्ज्ञ. पाचशेंहून अधिक गुन्हेगारांच्या अनुभवावर आधारलेला त्याचा ग्रंथ १९७९ चा. बलात्कार हे वासनेपेक्षा सत्ता व क्रोध यांचे साधन आहे, असे त्याने म्हटले. त्याच्या गणनेत सुमारे ५५ टक्के घटना सत्तेच्या, ४० टक्के क्रोधाच्या व केवळ ५ टक्के परपीडनाच्या आनंदासाठी घडलेल्या होत्या. म्हणजे क्राफ्ट-एबिंगने ज्याचे चित्र रंगविले तो पुरुष वीसांत एक. या मताचे पुढे एक ठरीव सूत्र झाले, व बलात्काराचा कामवासनेशी काही संबंधच नाही असे बोलले जाऊ लागले. ते एकांगी होते. व्हर्जिनियातील तुरुंगांत ११४ बलात्कारी कैद्यांच्या मुलाखती घेणाऱ्या डायाना स्कली हिला (तिचा ग्रंथ १९९० चा) पुष्कळांच्या तोंडून ऐकू आले, की आपल्याला हवे होते ते आपण घेतले. चोरी करावयास शिरलेल्या घरात स्त्री सापडली म्हणून तिच्यावर अत्याचार करणाऱ्याला तो जणू चोरीच्या मालातला वरकड हिस्सा वाटे. कृत्य कबूल करणारे व नाकारणारे असे दोन गट तिला दिसले. नाकारणारे आपण तेथे होतो हे बहुधा नाकारीत नसत. झाले तो बलात्कार नव्हता, एवढेच त्यांचे म्हणणे. तिच्या मनातून होते, ती पुढे सैलावली, भल्या घरची स्त्री अशा वेळी अशा जागी नसते, ही त्यांची वाक्ये त्यांनी तुरुंगात तयार केलेली नव्हती. वकिलांनी उलटतपासणीत आणि न्यायाधीशांनी निकालपत्रांत ती आधीच वापरलेली होती.

तुरुंगाच्या भिंती ओलांडण्याचे काम मेरी कॉस व तिच्या सहकाऱ्यांनी केले. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत अमेरिकेतील ३२ शिक्षणसंस्थांतील ६१५९ विद्यार्थी-विद्यार्थिनी होत्या. ‘बलात्कार’ हा शब्द न वापरता प्रत्यक्ष कृत्याविषयी प्रश्न विचारले असता, सुमारे पावणेआठ टक्के पुरुषांनी कायद्याच्या व्याख्येत बसेल असा बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न केल्याचे सांगितले. हे महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. कोणत्याही वैद्याने त्यांची तपासणी केली नव्हती. नंतरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आशिया व प्रशांत महासागर यांतील सहा देशांच्या पाहणीत दहा हजारांहून अधिक पुरुषांना विचारण्यात आले. सुमारे एकचतुर्थांश पुरुषांनी पत्नीवर अथवा अन्य स्त्रीवर बळजबरी केल्याचे मान्य केले, आणि बहुसंख्यांनी दिलेले कारण, आपला तो हक्कच आहे, अशा अर्थाचे होते. भारताचा समावेश त्या पाहणीत नव्हता, पण बांगलादेश व श्रीलंका यांचा होता.

याचा अर्थ स्वभावविशेष अजिबात नसतात असा मात्र नव्हे. बळजबरी करणाऱ्या पुरुषांत स्त्रियांविषयीचा वैरभाव, जवळिकीवाचून केवळ भोग शोधण्याची सवय, इतर नियमांचीही पायमल्ली करण्याची वृत्ती व बालपणी सोसलेली हिंसा अधिक प्रमाणात आढळतात, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. वेड लागल्याची, भ्रमिष्टपणाची उदाहरणे मात्र थोडी. १९९८ मध्ये हॅन्सन व ब्यूसिएर यांनी ६१ अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा, की चारपाच वर्षांच्या अवधीत पुन्हा लैंगिक गुन्हा करताना आढळलेल्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्के होते. न उघडकीस आलेले गुन्हे त्यात नाहीत, ही मर्यादा खरी. तरी टॅपनच्या मताला त्यातून दुजोरा मिळतो. असे असूनही १९९० मध्ये वॉशिंग्टन राज्याने शिक्षा भोगून झालेल्या ‘हिंसक लैंगिक श्वापदा’ला पुढेही अनिश्चित काळ कोंडण्याचा कायदा केला, आणि कॅन्सस राज्याच्या तशाच कायद्यावर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यतेची मोहोर उठविली. मिनेसोटाचा ‘मनोविकृत’ नाव बदलून परत आला.

भारतात वेगळ्या मार्गाने वेगळ्या प्रकारचे वर्णन पुढे आले, आणि त्याचा उगम महाराष्ट्रात झाला. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील (आता गडचिरोली) देसाईगंज येथील पोलीसठाण्यात, भावाने केलेल्या तक्रारीच्या निमित्ताने आणलेल्या एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना निर्दोष सोडले. मुलीला पूर्वीपासून शरीरसंबंधाची सवय होती, हा त्यातील एक मुद्दा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. भय दाखवून मिळविलेली शरणागती म्हणजे संमती नव्हे, हे त्या निकालाचे मर्म. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, कारण अंगावर जखमांच्या खुणा नव्हत्या. आरोपी कोण होते याविषयी न्यायचर्चेत फारसे काही नाही, फिर्यादी मुलीच्या पूर्वायुष्याविषयी मात्र आहे. १६ सप्टेंबर १९७९ रोजी दिल्ली व पुणे विद्यापीठांतील उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधिप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. दाराला कडी घातलेल्या ठाण्यात, गणवेषातील दोन पुरुषांसमोर, गरीब घरातील कोवळ्या वयाची मुलगी प्रतिकार कशी करणार, असा त्याचा आशय होता.

त्या पत्रातून उठलेल्या चळवळीची परिणती १९८३ च्या फौजदारी कायद्यातील दुरुस्तीत झाली. तिने भारतीय दंडविधानाच्या कलम ३७६ मध्ये अधिक कडक शिक्षेस पात्र अशा गुन्हेगारांची गणना केली : आपल्या ठाण्यातील पोलीस अधिकारी, ताब्यातील स्त्रीवर अत्याचार करणारा लोकसेवक, तुरुंग व सुधारगृह यांचे चालक, रुग्णालयाचे कर्मचारी. अशा खटल्यात संभोग सिद्ध झाला व स्त्रीने आपली संमती नव्हती असे सांगितले, म्हणजे संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, अशी पुराव्याच्या कायद्यातही भर पडली. अमेरिकेच्या कायद्याने गुन्हेगाराची ओळख त्याच्या मनावरून पटविली होती, भारताच्या या कलमाने ती त्याच्या पदावरून पटविली. आवेग, अस्थैर्य, विकृती यांचा त्यात उल्लेख नाही. चावी कोणाच्या हातात आहे एवढेच पाहिले आहे. गुन्हाशास्त्राच्या दृष्टीने ही लहान बाब नव्हे, आणि तिचे श्रेय मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेपेक्षा विदर्भातील एका मुलीच्या फिर्यादीस द्यावयास हवे. फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य सामान्यतः अनैतिक होते असे दाखविण्याची मुभा देणारे १८७२ च्या पुरावा अधिनियमातील उपकलम मात्र त्यानंतरही टिकून राहिले. ते २००२ मध्ये वगळण्यात आले.

मनोविकृताची प्रतिमा भारतातही नाहीशी झालेली नाही. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर सार्वजनिक चर्चेत ‘नराधम’ व ‘पशू’ हेच शब्द सर्वत्र होते. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात देहान्त शिक्षेची शिफारस केली नाही, आणि पतीस बलात्काराच्या आरोपातून सूट देणारा अपवाद काढावा असे सुचविले. शासनाने काही प्रकारांसाठी देहान्त शिक्षा स्वीकारली आणि अपवाद तसाच ठेवला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण वर्षानुवर्षे नव्वद टक्क्यांहून अधिक राहिले आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये शिक्षा झालेल्या लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय सूची तपासयंत्रणांच्या उपयोगासाठी सुरू झाली. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तेव्हा कलम ६३ मध्ये पतीविषयीचा अपवाद पुन्हा घालण्यात आला. पत्नी अठरा वर्षांवरील असल्यास पतीने केलेली बळजबरी बलात्कार ठरत नाही, आणि म्हणून तो पती त्या सूचीतही येत नाही.